१७ हजार मतांचा सिनेटर आणि आपले १ लाख १७ हजार

२०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली आणि हातात काय आलं, कायबी नाही. पहिल्या दोघांत फरक जेमतेम ५ हजारांचा, म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडला आपण, पण दिल्लीला गेलं दुसरंच कोणतरी.

आता ऑस्ट्रेलियाचा रिकी म्यूर बघा. लाकडाच्या मिलमधला कामगार, पक्ष गाड्यांच्या शौकिनांचा, २०१३ ला व्हिक्टोरिया राज्यातून सिनेटला, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभा राहिला, पहिल्या पसंतीची मतं १७,१२२, म्हणजे ०.५१ टक्के, आणि गडी निवडून आला की! जिंकायला लागत होती १४.३ टक्के. तिथं तेव्हा मतदारानं एका पक्षापुढं १ लिहिलं की पुढच्या पसंत्या त्या पक्षानं आधी देऊन ठेवलेल्या यादीप्रमाणं जायच्या. बारक्या पक्षांनी आपापसात संधान बांधलेलं, एकेक बाद होत गेला तशी मतं सरकत सरकत ह्याच्या पदरात पडली.

मग टिंगल. घरचे कांगारूची लीद एकमेकांवर फेकायलेत असा व्हिडिओ निघाला, टीव्हीच्या मुलाखतीत पठ्ठ्या अडखळला, जरा बाहेर जाऊन येतो म्हणाला. मला तर तो तिथंच आवडला, आपले पुढारी कुठं अडखळतात, उत्तर नसलं तरी तासभर बोलतात.

पण सिनेटमध्ये सरकारला एकेक मत लागायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये आर्थिक सल्लागारांना मोकळीक देणारे सरकारचे नियम पाडायला त्यानं मत दिलं, आणि डिसेंबरात निर्वासितांच्या तात्पुरत्या व्हिसाचं बिल त्याच्या मतानं पास झालं, ख्रिसमस आयलंडच्या निर्वासित छावणीतली मुलं सोडायची ह्या बोलीवर. ते बिल मला पटत नाही, पण मुलं सुटायची होती, त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं काय माहीत.

मोठ्यांना हे कुठलं खपतंय. मार्च २०१६ ला ती यादीची पद्धतच रद्द, जुलैत दोन्ही सभागृहं बरखास्त करून निवडणूक, आणि ६ वर्षांसाठी आलेला म्यूर दोनच वर्षांत घरी.

आपल्याकडं वेगळं काय झालं? १९९६ ला सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीनं फॉर्मांचा पाऊस पाडला, बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार! तेव्हाच्या आंध्रातलं नलगोंडा, तमिळनाडूतलं मोडाकुरिची, तिथंबी त्या साली तसंच. मग काय, त्याच वर्षी लोकसभेचं ५०० चं डिपॉझिट सरळ १० हजार झालं. आता २५ हजार आहे, म्हणजे ४५६ जणांचे १ कोटी १४ लाख, कोण भरणार सांगा.