मिरजेची जवारी, ग्लासगोचा जँगल

परवा ताईचा व्हॉइस मेसेज आला, "अगं तू तिकडे एवढी कमावतेस, ते उडवतेस तरी कशावर?" मी खरं ते सांगून टाकलं. रेकॉर्ड्सवर. म्हणजे तबकड्या, काळ्या गोल, आजोबांच्या वेळच्या. ती म्हणे जुन्या बाजारात मिळतात का? नाही ना, हीच तर गंमत आहे. नव्याकोऱ्या मिळतात, गेल्याच महिन्यात निघालेल्या, विशीतल्या पोरापोरींनी केलेल्या, आणि ऐकायला मात्र अशा की १९६५ साली कुणीतरी रेकॉर्ड करून माळ्यावर ठेवून विसरून गेलंय. ताईला काही पटलं नाही. सविस्तर सांगते म्हटलं होतं तिला, ते इथेच लिहिते.

तर सुरुवात खाण्यापासून झाली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतला माझा पहिला डिसेंबर, दुपारी पावणेचारला दिवस मावळायचा, लॅबमधून बाहेर पडलं की थेट रात्रच. मी शाकाहारी, आणि पहिले काही आठवडे चीज सँडविच आणि चिप्स यावर काढलेले, त्यामुळे कुणीतरी 'मोनो' नावाचं व्हेगन कॅफे सांगितलं तेव्हा मी त्याच दिवशी गेले. सेंट इनॉक स्टेशनला सबवेतून उतरायचं (इथली सबवे १८९६ सालची आहे, स्टेशनं पंधराच, नुसती गोल फिरत राहते, झोप लागली तरी चुकत नाही माणूस) आणि तिथून किंग स्ट्रीटच्या बाजूला पाच-सात मिनिटं चालायचं. आत गेले, ऑर्डर दिली, आणि बघते तर त्याच हॉलच्या एका बाजूला रेकॉर्डचं दुकान. मोनोरेल म्युझिक. २००२ पासून तिथेच आहे, आणि ज्यांनी सुरू केलं त्यातला एक म्हणजे द पेस्टल्स या बँडचा स्टीफन. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, मी आपली सूपची वाट बघत बसलेली.

आणि दुकानात कसलीतरी रेकॉर्ड लागली आणि मला वाटलं कुणीतरी तंबोरा लावतंय.

खरंच सांगते. गिटारच होती, पण गिटारचा सूर जसा टण्णकन येतो आणि संपतो तसं नव्हतं, त्या सुराच्या कडेने एक झिणझिण, एक झळाळी, तार थांबली तरी हवेत राहिलेली. मिरजेच्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. सतारमेकर गल्ली आमच्या शाळेच्या वाटेवर, दारात पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत घातलेले, आणि आत कुणीतरी घोडी घासत बसलेलं. घासायची, तार लावायची, छेडायची, कान द्यायचा, परत काढून घासायची. घोडीचा माथा किंचित गोलसर उतरता करतात, मग तार त्याला एका जागी न टेकता घसटत राहते आणि त्या घसटण्यातून सुराच्या आत दडलेले वरचे सूर बाहेर येतात. वर तंबोऱ्याला सुताचा धागा, जीवा, तो मागेपुढे सरकवत ती नेमकी जागा शोधायची. जवारी म्हणतात तिला. लहानपणी दिवसभर कानावर पडायची म्हणून तिचं काही वाटायचं नाही, आणि इथे जवळजवळ आठ हजार किलोमीटरवर सूप गार होईपर्यंत मी नुसती ऐकत बसले.

काउंटरवरच्या मुलाला जाऊन विचारलं, हे काय वाजतंय? तो म्हणाला जँगल. मी म्हटलं जंगल? तो हसला, मग मीपण हसले. जँगल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा हलवल्यावर येतो तसा आवाज, आणि असल्या गिटारवर बांधलेल्या गाण्यांना जँगल पॉप म्हणतात. बऱ्याचदा ती बारा तारांची गिटार असते. तारा जोडीजोडीने असतात, खालच्या चार जोड्यांमध्ये एक तार मूळ सुराची आणि दुसरी वरच्या सप्तकातली, वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या. दोन तारा कधीच शंभर टक्के जुळत नाहीत ना, तो जो केसाएवढा फरक राहतो त्यातूनच ती झळाळी येते. जवारीचं आणि याचं कारण वेगळं आहे, हे मला कळतं, उगाच कुणी कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, पण कानाला ती चुलत बहिणी वाटतात.

आणि नातं अगदीच ओढूनताणून नाहीये हां. १९६४ च्या सुरुवातीला बीटल्स न्यूयॉर्कला गेले तेव्हा जॉर्ज हॅरिसनला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली, ती त्यांच्या सिनेमात दिसली, अमेरिकेत रॉजर मॅग्विन नावाच्या पोराने सिनेमा बघितला आणि तसलीच घेऊन आला. त्याचा बँड द बर्ड्स. ही सगळी जँगल मंडळी आपली वंशावळ तिथपर्यंत नेतात. आता पुढचं ऐका, हेच बर्ड्सवाले १९६५ च्या शेवटी टूरवर असताना बसमध्ये सतत दोन जणांचं टेप लावायचे, जॅझवाला जॉन कोल्ट्रेन आणि आपले पंडित रविशंकर. म्हणजे मला सूप पिता पिता तंबोरा आठवला यात माझं होमसिक होणं जितकं होतं तितकाच थोडा इतिहासपण होता.

मग मी दर शनिवारी जायला लागले आणि हळूहळू कळत गेलं की मी नेमकी कुठल्या गावात येऊन पडलेय. १९७९ मध्ये ॲलन हॉर्न नावाच्या पोराने इथे वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या फ्लॅटमधून पोस्टकार्ड रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, चालू केलं, लोगो म्हणजे ढोल बडवणारं मांजर, बँड ऑरेंज ज्यूस, सिंगलची कव्हरं बँडवाले स्वतः बसून घड्या घालायचे. दोनेक वर्षांत गाशा गुंडाळला, पण त्याची सावली अजून आहे. मग टीनेज फॅनक्लब, इथून जवळच्या बेल्सहिलचे, त्यांच्या १९९१ च्या अल्बमला अमेरिकेतल्या स्पिन मासिकाने त्या वर्षीचा पहिला नंबर दिला, निर्वाणा या बँडला मागे टाकून. आणि बेल अँड सबॅस्टियनचा पहिला अल्बम १९९६ साली एका कॉलेजच्या म्युझिक बिझनेस कोर्सच्या लेबलवर निघाला, फक्त हजार प्रती, फक्त रेकॉर्डवर! विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टची फाईल सरांनी उघडलीपण नव्हती.

पण मला जुन्याचं कलेक्शन करायचं नाहीये. जुन्याच्या मागे लागलेले लोक इथे भरपूर आहेत, पहिली प्रत, दुसरी प्रत, कव्हरवरचा डाग, त्यांची दुनिया वेगळी. मला आत्ताचं हवं असतं. आणि आत्ता इतकं निघतंय की महिन्याचं बजेट दुसऱ्या आठवड्यात संपतं. सॅन फ्रान्सिस्कोचे द अम्ब्रेलाज, मुलगा आणि मुलगी मिळून गातात, गिटार अशी की घरात कुणीतरी खिडक्या उघडल्या. टोरांटोचे डक्स लिमिटेड, नुसते पळत असतात, त्यांचा २०२४ चा अल्बम मी जिन्यावरून कपड्यांची बास्केट नेताना ऐकते. शिकागोचा शार्प पिन्स, म्हणजे 'काई स्लेटर' नावाचं विशीतलं पोरगं, कॅसेटवर रेकॉर्ड करतं, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत रेडिओ लागलाय आणि दार अर्धवट लोटलंय. लाँग आयलंडचे दोघं भाऊ, द लेमन ट्विग्ज, त्यांचं सगळं नीटनेटकं, हार्मनी वगैरे, कपडेसुद्धा त्याच काळातले. मला थोडे जास्तच इस्त्री केलेले वाटतात, पण गाणी चांगली आहेत, नाकारून चालणार नाही.

आणि द टब्ज. यांच्याबद्दल जरा थांबून लिहायला हवं. लंडनमधला बँड, गाणारा ओवेन विल्यम्स मूळचा वेल्सचा. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचा कॉटन क्राउन आला. मी कव्हर बघून उचलला, एक तरुण बाई कबरस्तानात बसून तान्ह्या बाळाला पाजतेय. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ते बाळ म्हणजे हा स्वतः आणि ती त्याची आई, शार्लट ग्रेग, लोकगीतं गाणारी, लेखिका, पन्नासच्या दशकापासूनच्या मुलींच्या गाणाऱ्या ग्रुप्सवर तिने पुस्तकपण लिहिलंय. २०१४ साली ती गेली. आणि हा माणूस तिच्या जाण्याबद्दल गातो, स्वतःच्या विस्कटलेल्या डोक्याबद्दल गातो, आणि गिटार मात्र चकाचक ऊन पडल्यासारखी. पहिल्यांदा भांडी घासताना लावला होता आणि मी चक्क नाचत होते, दुसऱ्या वेळी शब्द वाचत ऐकला आणि मग भांडी तशीच राहिली.

आता ऑफिसमधला एक जण मला नेहमी चिडवतो, की हे सगळं कॉपी आहे, साठ वर्षांपूर्वीचं परत परत काय वाजवायचं. मला सुरुवातीला उत्तर सुचायचं नाही. मग उरुसाची आठवण आली. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र गाणं चालतं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत, ते १९३७ ला गेले पण गाणं अजून होतंच. तिथे कुणी किराणा घराण्याचं गायलं, तोच लावलेला सूर, तीच संथ बढत, तर मागे बसलेला माणूस म्हणतो का, की काय रेट्रो गातोय? आपण म्हणतो तालीम चांगली झालीय. मग त्याच चौकटीत याने स्वतःचं काय आणलं ते ऐकतो. जँगल हे मला तसं घराणं वाटतं. आणि घराण्यात असतात तसे नुसते नकलाकारही इथे आहेतच, केस वाढवले, कव्हरला पिवळट रंग मारला, जुना माइक घेऊन फोटो काढला, आणि गाणं दोन मिनिटांत विसरायला होतं. असल्या दोन-तीन रेकॉर्ड्स कपाटात मागच्या बाजूला आहेत, पैसे गेले, बोलून उपयोग नाही.

मिळतात कशा हे ताईने विचारलं नाही पण तुम्ही विचाराल. ॲप जे सुचवतं त्यावर मी आता फारसा विश्वास ठेवत नाही, ते मला मीच परत वाढून देतं. त्यापेक्षा रेकॉर्ड पालटून मागे लेबलचं नाव बघायचं. स्लम्बरलँड दिसलं की मी न ऐकता अर्धी तयार असते, अमेरिकेतलं छोटं लेबल, १९८९ पासून चालू, अम्ब्रेलाज त्यांचेच. मग आत बारीक अक्षरात आभार मानलेले असतात ते वाचायचे, कारण बँडवाले बहुतेक करून दुसऱ्या बँडवाल्यांचेच आभार मानतात. गिगला लवकर जायचं, मोठ्या नावाच्या आधी जे अर्धा तास वाजवतात ते बघायला, मला ग्लॅड कॅफेमध्ये आणि हग अँड पिंटमध्ये असेच सापडलेत, समोर वीस-पंचवीस माणसं आणि त्यातली पाच बँडचे मित्र. आणि बँडकॅम्प, म्हणजे बँडवाले आपली गाणी थेट विकतात ती वेबसाइट. तिथे एखादा अल्बम विकत घेणाऱ्यांचे चेहरे खाली छोटे छोटे दिसतात, एकावर टिचकी मारली की त्याचं अख्खं कपाट उघडतं, दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याची पुस्तकं बघतो ना आपण, अगदी तसं. मार्च २०२० पासून ते ठराविक शुक्रवारी विक्रीतला स्वतःचा वाटा बँडसाठी सोडून देतात, त्या दिवशी मी डबा घरून नेते.

बाकी रेकॉर्ड साधारण पंचवीस पौंडाला पडते. रुपयात किती होतात ते तुम्हीच करा, मी सोडलंय.

आणि आता फजिती. मागच्या हिवाळ्यात एक बारा इंची रेकॉर्ड आणली, बँडचं नाव सांगत नाही, त्यांनी काही चूक केलेली नाही. संथ, जड, खोल आवाजाचा गायक, गिटार जणू पाण्याखालून येतेय. मी इतकी प्रेमात की आठवडाभर दुसरं काही लावलं नाही, दोन मैत्रिणींना त्या गायकाबद्दल भरभरून सांगितलं. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं हे ऐका, तुम्हाला आवडेल. बाबा शाळामास्तर, पेटी वाजवतात, इंग्रजी गाण्याशी त्यांचा संबंध शून्य. त्यांनी फोन कानाजवळ धरला, त्यामुळे मला नुसता कानच दिसत होता. मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, वाद्य उतरलंय."

"म्हणजे?"

"तारा ढिल्या पडल्यात. आणि हा माणूस पेंगतोय."

मी म्हटलं बाबा तशीच स्टाईल आहे. ते म्हणाले, असेल बाबा, पण तार ओढलेली असली की वेगळी बोलते, ही लोंबतेय. मग आईला भाजी परतायला सांगून परत आले आणि परत म्हणाले, लोंबतेय.

फोन ठेवला आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदावर नीट बघितलं. कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात, ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे. बारा इंची म्हणजे ३३ असणार असं मी धरून चाललेले. बटण फिरवलं, सुई ठेवली, आणि तो खोल आवाजाचा गायक म्हणजे एक मुलगी निघाली, चटपटीत, हसत हसत गाणारी, गाणं अडीच मिनिटांत खल्लास. हिशोब केला तर ४५ ची ३३ वर लावली की सूर षड्जावरून खाली जवळपास पंचमावर जाऊन बसतो. बाबांच्या कानाने ते फोनच्या डबड्या स्पीकरमधून पकडलं.

त्या दोन मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगू का, ३३ वर ते गाणं जास्त छान लागतं. बाहेर पाऊस आणि अंधार असला की अजून लावते कधीतरी. बाबांना कळवू नका.