टक् न करणारा रिले

मे महिन्यातली गोष्ट. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका केळीबागेतून आप्पांचा फोन आला, "भाऊ, दुपारना मोटर बंद-चालू, बंद-चालू व्हस." बाग नुकती निसवलेली, त्यात उन्हाची झळ. आदल्या दिवशी कुणी मोटर वर काढायचा सल्ला देऊन गेला होता.

दीडला पोहोचलो. स्टार्टरची पेटी उघड्या खांबावर, हात लावला की चटका. व्होल्टेज 340 पर्यंत उतरलेलं, त्यामुळे करंट मर्यादेच्या जरा वर. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर तोडणाऱ्या भागाने, एकदा ट्रिप मारून गप्प बसायचं असतं. इथे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, घुंई करत सुटायचा आणि ऑटो (मोटर आपोआप चालू करणारा भाग) लावलेला असल्याने पुन्हा ओढायचा. दर वेळी मोटरला स्टार्टिंग करंटचा दणका. आधी मेन पाडला.

रिले उघडला. गरम होऊन वाकणाऱ्या तीन पट्ट्या ठीक होत्या. त्या जिला ढकलतात ती पातळ स्प्रिंग-पत्ती मात्र ढिली होती. ही पत्ती दोन्ही टोकांनी दाबून बसवलेली असते, म्हणून ती कमान घेते. कमानीला दोनच जागा मान्य: या बाजूला किंवा त्या बाजूला. मधे थांबताच येत नाही, कारण ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. तेवढा उंबरठा ओलांडला की ती टक् करून उडते, कॉन्टॅक्ट झटक्यात उघडतो आणि रिसेट दाबेपर्यंत ती तिकडेच राहते.

इथे शेजारचं टर्मिनल ढिलं राहून तापलं होतं, आणि त्या उष्णतेने पत्तीची प्लॅस्टिकची खाच पसरली होती. डोळ्यांना दिसणारही नाही एवढी. पण 20 मिमीची पत्ती मधोमध 1 मिमी फुगवायला टोकं जेमतेम 0.12 मिमी जवळ आणावी लागतात. तेवढं हुकलं की कमानच संपते. दोन जागांची एक होते, पत्ती जिथे ढकलाल तिथे राहते. म्हणून कॉन्टॅक्ट उघडण्याच्या काठावर तरंगत होता, ठिणग्यांनी काळा पडला होता.

आप्पांना हे पटेना. त्यांच्या नातवाची प्लॅस्टिकची पट्टी मागवली. "दोन्ही टोकं दाबा आप्पा. आता फुगवटा बोटाने ढकला." टक्! पट्टी पलीकडे. "आता हात थोडे सैल सोडा, परत ढकला." काही वाजलं नाही. किती दाबावर सरळ पट्टी वाकायला लागते, हे गणित गणितज्ञ ऑयलरने 1744 मध्ये मांडलं. डिप्लोमाला ते पाठ केलं होतं, पण त्या बांधावर आप्पांच्या हातात पाहिलं तेव्हा मला ते खरं कळलं.

नवा रिले बसवला, टर्मिनलं आवळली, ऑटो काढला, पेटीवर पत्र्याची सावली केली. टेस्टचं बटण दाबलं. टक्. आप्पांनी मला बाजूला सारून रिसेट केलं आणि ते बटण स्वतः पुन्हा दाबून पाहिलं.