माझा अनुभव : एमजीबीचा पत्रा, तेलाचा डबा आणि न लागणारा दरवाजा

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा मी अजूनही जरा रागानंच लावतो. आता तो नीट लागतो, एका बोटानं ढकलला तरी टक्‌ करून बसतो. पण या एका दरवाजानं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला, तोही सोलापूरचा. तेव्हा जुन्या गाडीचा फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा, बदलायला जो कुणी निघाला असेल, त्यानं ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी हे वाचावं.

गाडी १९६९ ची एमजीबी रोडस्टर, एमजी या ब्रिटिश कंपनीची. दोन सीटची, छत कापडी, इंजिन १७९८ सीसी. पुण्यात एका बंगल्याच्या पोर्चमध्ये कित्येक वर्षं उभी होती, तिथून आणली. गल्लीतली पोरं तिला 'बुटकी गाडी' म्हणतात. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, हे आधी डोक्यात बसवून घ्या. तिच्या आधीच्या एमजीएला होती. १९६२ साली आलेल्या एमजीबीला बॉडी हीच चॅसी. त्यात रोडस्टरला डोक्यावर पत्रा नाही. म्हणजे पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं जोडून धरायला उरतं काय? फ्लोअर, मधला बोगदा, आणि मुख्य म्हणजे दरवाजाखालचे दोन उंबरे, ज्यांना सिल म्हणतात. सिल म्हणजे बाहेरून दिसते ती नुसती पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये एक उभा पत्रा आणि खाली घडी घातलेली कॅसल रेल, असा तो बंद डबा असतो. हा डबा सडला की गाडी पोटात वाकते. बाहेरून चकाचक दिसत असली तरी वाकते.

माझी वाकलेली होती आणि मला ते माहीत नव्हतं. इथेच सगळी गोम आहे.

चार वर्षांपूर्वी मी ती एका गॅरेजला दिली होती. नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. "साहेब, उजवीकडचाच पत्रा गेलाय, फ्लोअर आणि सिल नवीन टाकतो" म्हणाले. ३८ हजार घेतले. खालून बघितलं तर काळंकुट्ट डांबर, वास ताजा, मी खूश. मग गेल्या पावसाळ्यात विजापूर रोडवर एका खड्ड्यातून गाडी गेली आणि पायाखालची मॅट ओली लागली. घरी येऊन मॅट उचलली, डांबर खरवडलं. खाली गोणपाटाचा तुकडा, त्याच्याखाली पॉप रिव्हेटनं ठोकलेला पातळ पत्रा. पत्रा उलटा करून पाहिला तर त्यावर निळ्या अक्षरांत 'निव्वळ वजन १५ किलो'. तेलाचा डबा! माझी सीट चार वर्षं शेंगदाणा तेलाच्या डब्यावर बसवलेली होती. बायको म्हणाली, "तरीच गाडीला शेंगाचटणीचा वास येतो." मला त्या दिवशी हसू आलं नाही.

पॅनेल इंग्लंडहून मागवली. या बाबतीत एमजीबीवाले नशीबवान. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं १९८८ मध्ये एमजीबीचं अख्खं बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, पुन्हा बनवून बाजारात आणलं, सुटी पॅनेलही मिळतात. फ्लोअर, सिलचे सगळे भाग, कॅसल रेल आली. कस्टम, कुरिअर वगैरे जे व्हायचं ते झालं. छोटे तुकडे इथेच १८ गेजच्या सीआरसी (साध्या, जस्त नसलेल्या) पत्र्यातून वाकवून घेतले. एक सल्ला मिळेल, "जीआय पत्रा टाका, गंजत नाही." जीआय म्हणजे जस्त चढवलेला. टाकू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. दूध-गुळानं तो उतरत नाही.

वेल्डिंगला अण्णा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचं शेड आहे, यंत्रमागाच्या फ्रेमा जोडण्यात आयुष्य गेलं. गाडीचा पत्रा कधी केला नव्हता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हणूनच मला पटले. गाड्यांचे डेंटर "होऊन जाईल" म्हणतात, अण्णा म्हणाले, "सर, पातळ पत्रा हाय, जळंल. आधी भंगारावर हात बसवू." दोन रविवार त्यांनी एका जुन्या कपाटाच्या दारावर नुसते टाके मारले. मशीन मिग, म्हणजे तार आणि गॅस सोडत वेल्ड करणारं, तार ०.८ मिलिमीटरची. आधी साधा सीओटू लावला होता, ठिणग्या फार उडत आणि पत्रा फुटे. आर्गॉन मिसळलेला गॅस आणल्यावर काम सुधारलं.

डावी बाजू आठ रविवारांत झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

हं, एक आहे. सुरू करायच्या आधी बॅटऱ्या काढा. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन असतात, सीटच्या मागे जमिनीत, आणि एक काढून दुसरी विसरणारे लोक मला माहीत आहेत (मीच). पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर, लांब ठेवा. ब्रेकचा पाइप आणि बॅटरीची केबल फ्लोअरच्या खालूनच जातात, त्या सोडवून घ्या. डांबर आधी सगळं खरवडा. ते पेटतं आणि पेटलं की टपटप गळतं. पाण्याची बादली जवळ ठेवा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा ती बादली कुणी भांड्याला नेणार नाही याचीही व्यवस्था करा.

आता उजवी बाजू.

पुस्तकी नियम असा की सिल कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करायचा. पुढच्या खांबाला आणि मागच्या खांबाला पाइप जोडला की मधला डबा कापला तरी चौकट हलत नाही. आम्ही डाव्या बाजूला तेच केलं होतं, उजवीकडेही केलं. पाऊण इंची चौकोनी पाइप, चारी टोकांना पक्के टाके. मग पुढचं मडगार्ड उतरवलं. त्याचे काही बोल्ट डॅशबोर्डच्या मागे हात घालून काढावे लागतात, बोटांची सालं गेली. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं, त्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो, कारण सिल त्याच्या आत जाते. कापलं. तर आत त्या गॅरेजवाल्यांची कलाकारी. सडक्या सिलवर वरून एक वाकवलेला पत्रा चढवून कडेनं वेल्ड केलेला. आत हात घातला तर मूठभर लाल भुसा. तो सगळा काढला, नवा आतला पत्रा, उभा पत्रा, कॅसल रेल, फ्लोअर, बाहेरचा पत्रा, सगळं क्रमानं बसलं. वरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून प्लग वेल्ड. एक इथे, पुढचा तिकडे, हातभर अंतरावर, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. छान दिसत होतं. अण्णांनी ग्राइंडर मारून हात फिरवला आणि मान डोलावली.

आडवा पाइप कापला, गाडी चाकांवर उतरवली, दरवाजा लावला. लागला नाही. वरच्या कोपऱ्यात मागच्या खांबाला घासत होता, आणि खाली करंगळी जाईल एवढी फट.

यानंतरचे सहा आठवडे मी बिजागऱ्यांत घालवले. बिजागरीला पॅकिंग लाव, पॅकिंग काढ, लॉकचा आकडा सरकव, दरवाजा खांद्यावर घेऊन उचल. एका डेंटरनं येऊन गुडघ्याचा धक्का दिला आणि "बसला बघा" म्हणून दोनशे रुपये घेऊन गेला. संध्याकाळी परत तेच. मी अण्णांना म्हणालो, दुपारच्या उन्हात लोखंड वाढतं, म्हणून असेल. अण्णांनाही ते पटलं. मग रात्री हिशोब केला. सव्वा मीटरची सिल, पंधरा अंशांचा फरक, वाढ होते ०.२ मिलिमीटरच्या आसपास. माझी गडबड त्याच्या कितीतरी पट. ४३ अंशांचा उन्हाळा सुद्धा कामी आला नाही, बहाणा म्हणून.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन्ही दरवाजांच्या चौकटींचे कर्ण सुतळीनं मोजले. वरच्या बिजागरीच्या बोल्टपासून मागच्या खांबाच्या तळापर्यंत, मग खालच्या बिजागरीपासून लॉकच्या आकड्यापर्यंत. तीन-तीनदा मोजले. डाव्या-उजव्यात ७ मिलिमीटरचा फरक.

अण्णा सुतळी हातात धरून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, लूमची फ्रेम तिरकी असली की कापड तिरकं निघतंय. आपण काय केलं, तिरक्या फ्रेमलाच पाइप मारला. वाकडी होती तशी धरून ठेवली की ओ आपण."

बरोबर तेच. गॅरेजवाल्यांनी वरून पत्रा चढवला तेव्हाच गाडी पोटात बसलेली होती. बसलेली असतानाच त्यांनी ती शिवून टाकली. आम्ही आधार लावला तो त्या वाकड्या मापाला. गाडी मधून खाली बसली की चौकट वरच्या बाजूला आवळते, म्हणून दरवाजा वर घासतो आणि खाली फट पडते. आधार लावायच्या आधी दरवाजा कसा लागत होता? लागत होता. कारण त्याच गॅरेजवाल्यांनी दरवाजाची कड घासून कमी केली होती आणि वर पुट्टी भरून रंग मारला होता. हे मला तेव्हा कळलं जेव्हा रंग खरवडून कडेची घडी शोधली आणि ती वरच्या दोन इंचांत नव्हतीच. तेलाच्या डब्याचा राग एकवेळ गेला असता. हा नाही गेला.

नवी कोरी सिल, आमच्याच हातांनी लावलेली, कापायची. अण्णा तयार होईनात. "चांगला टाका तोडायला हात उचलत नाही," म्हणाले आणि दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते हातात एक टर्नबकल घेऊन, दोन्हीकडे उलट-सुलट आटे असलेला जाड रॉड, ट्रकच्या साखळ्या ताणायला वापरतात तसला.

कापणं म्हणजे एकेका प्लग वेल्डचा मध्य शोधायचा, स्पॉट कटर (टाक्याभोवती गोल कापणारं पातं) लावायचा, खालचा पत्रा न छेदता थांबायचं. ६४ टाके मोजले. दुपारी पंखा बंद ठेवून, कारण वेल्डिंग असो वा नसो, अण्णांना त्या शेडमध्ये वारा चालत नाही. वेल्डिंगला तर खरंच चालत नाही. वाऱ्यानं गॅस उडून जातो आणि टाका आतून स्पंजासारखा भोकाभोकांचा होतो. बाहेरून कळत नाही. मे महिन्यात हे नको असेल तर दिवाळीनंतर काम काढा. आणि रात्री करा. आजूबाजूचे माग थांबले की व्होल्टेजही सरळ येतं.

मग गाडी पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या ॲक्सलखाली लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवली. पोटाखाली लाकडी फळी देऊन बॉटल जॅक फक्त आधाराला, उचलायला नव्हे. टर्नबकल दोन खांबांमध्ये, वरच्या बाजूला. आणि दरवाजा चौकटीत लटकवलेलाच ठेवला, ही खरी युक्ती. आधी आम्ही तो काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. पाव फेरा दिला की अण्णा फटीत ४ मिलिमीटरच्या प्लायची चिंधी सरकवून बघत. पाव फेरा, चिंधी, सुतळी. परत पाव फेरा. एका क्षणी पत्रा 'कर्र' असा बोलला आणि मी मागे झालो. अण्णा म्हणाले, "बोलू द्या. चार वर्षं दाबलं होतं त्याला."

कर्णांतला फरक १ मिलिमीटरवर आला तेव्हा थांबलो. टाके मारले, दरवाजा उघडून-लावून बघितला, मग रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माप तेच. तेव्हाच पक्कं वेल्डिंग. घासलेल्या कडेला नवी पट्टी जोडावी लागली, ते वेगळं.

उरलेलं पटकन सांगतो. सांध्यांच्या आत जाणाऱ्या बाजूंना आधीच जस्ताचा वेल्ड प्रायमर लावा, नंतर ब्रश पोचत नाही. सिलच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, रंगकाम करणारे ती पुट्टीनं बुजवतात. तारेनं मोकळी करून घ्या. सगळं थंड झाल्यावर सिलच्या पोटात मेण फवारा. वेल्डिंगनंतर, आधी नाही, आधी फवारलं तर पेटेल. आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थचा चिमटा नेहमी घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर, जिथे टाका मारायचा त्याच्या जवळ. अण्णांनी एकदा तो बंपरला लावला होता, तेव्हा मी ओरडलो होतो. त्याची अजून आठवण काढतात.

पहिली फेरी होटगी रोडनं काढली, शेजारी अण्णा, डोक्याला टॉवेल गुंडाळून. स्पीड ब्रेकरवर दरवाजा खडखडला नाही. परत आल्यावर अण्णांनी दरवाजा चार वेळा लावून बघितला, मग सीटच्या मागे वाकून बॅटरीच्या कप्प्यात टॉर्च मारला आणि मला बोलावलं. डाव्या कप्प्याच्या तळातून शेडची जमीन दिसत होती.

पुढचा रविवार ठरलाय.