घर धाकट्याला द्यायचं ठरलं तो दिवस

रविवार, रात्री साडेदहा

आज अखेर बोलून टाकलं. तिघंही समोर असतानाच. मोठा पुण्याहून आला होता, लेक बेळगावहून. घर धाकट्याला देणार, असं म्हणताना माझा आवाज जरा चिरकलाच.

कारणं मनात केव्हाचीच पक्की होती. मोठ्याच्या फ्लॅटला आम्ही नऊ लाख घातले, ते परत मागितले नाहीत. आणि धाकटा इथेच राहिला. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा मला पाठीवर घेऊन जिना चढला तो आणि पाणी ओसरल्यावर आठ दिवस फावड्याने गाळ ओढत होता तोही तोच. देवघराच्या कोनाड्याखाली पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला तरी डोकावते.

वकिलांनी गेल्या आठवड्यात सगळं समजावून सांगितलं. आमच्या यांनी मृत्युपत्र केलं म्हणून घर एकट्या माझं. नाहीतर मी आणि तीन मुलं, चौघांचा पाव-पाव हिस्सा झाला असता. बक्षीसपत्र केलं तर राहत्या घरासाठी मुलाच्या नावे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. पण मग घर आजच हातचं गेलं. मृत्युपत्र मात्र हवं तेव्हा बदलता येतं. दोन साक्षीदार, तेही ज्यांना घरातलं काही मिळायचं नाही असे. नोंदणीची सक्ती नाही, पण करून घ्याच म्हणाले. मी मृत्युपत्रच करणार. धाकट्यावर विश्वास नाही असं नाही. पण आपल्याच घरात पाहुणी म्हणून राहायचं माझ्याच्याने होणार नाही.

मोठा म्हणाला, "ठीक आहे आई," आणि मोबाइल बघत बसला. त्याचा राग घरावरून नाही. धाकट्याला आधी माहीत होतं, यावरून आहे. ती चूक माझीच.

मग लेकीला विचारलं, "तुझं काय?" मला वाटलं, मला काही नको म्हणेल. मुली म्हणतातच. ती सरळ म्हणाली, "मला हिस्सा पाहिजे. घर नको, पण त्याची काहीतरी किंमत मला मिळायला हवी."

क्षणभर रागच आला. मग १९९६ आठवलं. वडील गेल्यावर भावाने दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या माघारी माझाही हिस्सा होता, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हक्कसोडपत्रावर अंगठे, सह्या झाल्या. बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीत उसाचा रस प्यायलो. संध्याकाळी वहिनीने हिरवी काठापदराची साडी नेसवली, खणानारळाने ओटी भरली. साडी चांगली होती, दोन लग्नांत नेसले मी. भाऊही वाईट नाही, अजून दर दिवाळीला येतो. पण "मला पाहिजे" हे दोन शब्द माझ्या तोंडून तेव्हा निघाले नाहीत. एकोणतीस वर्षांची असते तर ठीक, चाळिशी उलटलेली होते.

तर ठरलं ते असं. माझ्या ठेवी लेकीच्या, आणि धाकट्याने माझ्या माघारी दोन वर्षांत तिला चार लाख द्यायचे. मोठ्याचे नऊ लाखही मृत्युपत्रात तारखेसकट लिहायचे. म्हणजे उद्या कुणी "आईने आम्हाला काय दिलं" म्हणायला नको. धाकट्याचं तोंड थोडं उतरलं. सून स्वयंपाकघरातून ऐकत होती, कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करेना.

जेवताना मोठा जरा मोकळा झाला, आमटी दुसऱ्यांदा घेतली. निघताना अंगणातल्या तांब्याच्या बंबाकडे बघून म्हणाला, "हा मात्र मी नेणार." लेक दारातूनच ओरडली, "दादा, तो माझा आहे!"

सोमवारी वकिलांना फोन करायचा. बंबाचं अजून ठरलेलं नाही.