तुम्ही विचारलंत म्हणून: दोन आजोबा, दोन आडनावं

लग्नात, बारशात, अगदी बँकेत वारसाचा फॉर्म भरतानाही कोणीतरी विचारतंच, की तुमचे आजोबा आणि मोठे आजोबा भाऊ भाऊ ना, मग आडनावं वेगळी कशी, दत्तक गेले का? नाही हो, दत्तक कोणीच गेलं नाही. मानमोडीमुळे झालं ते, म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ.

आमचं जुनं घर नागपुरात इतवारीकडे, कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीत. घरात माग, आणि शेजारच्या घराशी भिंत एकच. तेही कोष्टीच, पण नात्याचे नाहीत, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. साथ जूनमध्येच मुंबईत उतरली होती, लढाईवरून सैनिक घेऊन येणाऱ्या जहाजांबरोबर. ती लाट तशी हलकी होती, खरी मारणारी आली सप्टेंबरनंतर, आणि नागपूर पडलं मुंबई-कलकत्ता रेल्वेवर, मग काय. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, ज्वारी महाग, लोक आधीच अर्धपोटी. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांपैकी एक. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज 1 कोटी 20 लाखांपासून 1 कोटी 80 लाखांपर्यंत जातात, म्हणजे मधल्या साठ लाख माणसांचा हिशोबच नाही.

या साथीत म्हातारे आणि लहान पोरंच नाही, वीस ते चाळीसची धडधाकट माणसं जास्त गेली. आमच्याकडे तेच झालं. पणजीची म्हातारी सासू तापातून उठून बसली आणि तिचा मागावर बसणारा मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, न्यूमोनियानं गेले, त्यांच्यामागे थोरली मुलगीही. औषध तरी काय होतं? पेनिसिलिनचा शोधच 1928 चा, आणि माणसातला हा विषाणू सापडला 1933 ला. बरेच डॉक्टर तर लढाईवरच होते. भिंतीपलीकडे नवरा-बायको दोघंही गेले, आणि मागे दोन मुलं राहिली, मोठा कळता, धाकटा अजून दुधावरचा.

पणजीनं दोघांनाही उचलून आणलं. स्वतःचा एक, हे दोन, आणि वर सासू. लोक म्हणाले असतील काहीबाही, पण तिचं उत्तर घरात अजून सांगतात, "पोट्ट्याईले कोन पायनार होतं मंग?" आधी ती दुसऱ्यांच्या मागासाठी कांड्या भरायची, मग एम्प्रेस मिलमध्ये रिळावर लागली. तिकडे बायकांना घ्यायचे, मजुरी पुरुषांपेक्षा कमी. घरात पोरं सांभाळायची ती सासू, जिला स्वतःचा मुलगा गेल्याचं दुःख करायला वेळच दिला नाही कोणी. मला विचाराल तर या गोष्टीतली खरी हिरोईन ती म्हातारी आहे, पण तिचं कोणी नाव घेत नाही, सगळं कौतुक पणजीला.

शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी तिन्ही पोरांना एकच आडनाव लावायला सुचवलं, सोपं पडेल म्हणून. पणजी नाही म्हणाली. त्यांचा बाप मेला म्हणून त्याचं नावही मी पुसू का, असं तिचं म्हणणं. धाकटा पुढे गोवरानं गेला. राहिले दोघं, माझे आजोबा आणि मोठे आजोबा, एकाच ताटात जेवून वाढलेले, दोन आडनावांचे. मोठ्या आजोबांनी मागावर बसून माझ्या आजोबांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं, आणि सख्ख्या भावांत होतात तशी भांडणंही दोघांत भरपूर झाली, त्यातलं एक विहिरीवरून, जे आजही मिटलेलं नाही.

मागच्या वर्षी एका मध्यस्थानं माझ्या पुतणीसाठी मोठ्या आजोबांच्या पणतूचं स्थळ आणलं. जात एक, रक्ताचं नातं नाही, मुलगा इंजिनियर, कागदावर सगळं बरोबर. माझी आत्या त्याच्यावर जी ओरडली, "अरे बहीणभाऊ आहेत ते, लाज वाटते का?" तो बिचारा दोन्ही आडनावं परत परत वाचत बसला आणि चहा न घेताच गेला.