लिनक्सवर विंडोजचा प्रोग्राम, पण माझ्या फायलींपासून लांब

हिशेबाचा एक जुना प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, म्हणून लिनक्सवर वाइन टाकलं, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. चालला झकास. पण फाइल उघडायच्या खिडकीत सी ड्राइव्हच्या खाली झेड दिसला. त्यावर क्लिक करत आत गेले, तर माझे फोटो, कागदपत्रं, सगळं समोर हजर.

वाइन वेगळा संगणक उभा करत नाही. १९९३ पासून त्याचं काम एकच, विंडोजच्या हाका लिनक्सला समजतील अशा करणं. त्यामुळे प्रोग्रामला माझ्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरला तर त्यालाही.

आधी वेगळा वाइन प्रिफिक्स केला, म्हणजे वाइनचा सी ड्राइव्ह आणि सेटिंग्ज ठेवणारं स्वतंत्र फोल्डर. बिघडलं तर तेवढं फोल्डर उडवायचं, ही सोय छान. सुरक्षा मात्र काडीची नाही. मग त्यातल्या 'डॉसडिव्हायसेस' फोल्डरमधली झेडची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) काढली. ती थेट रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरकडे, जात होती. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्सचे दुवेही होमकडेच, म्हणजे माझ्या खात्याच्या फोल्डरकडेच, जातात. वाइनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनातला 'सँडबॉक्स' हा पर्याय ते तोडून देतो. नाव मोठं, पण याने फक्त चुकून होणारा घोळ टळतो. मुद्दाम वाकडा लिहिलेला प्रोग्राम लिनक्सचे सिस्टम कॉल (लिनक्सच्या गाभ्याकडे केलेल्या मागण्या) थेट करू शकतो, त्याला झेड लागतोच कुठे?

म्हणून कुंपण लिनक्सच्या बाजूने घातलं. फायरजेल हे प्रोग्रामला बंदिस्त जागेत चालवणारं साधन. त्याला एक रिकामं फोल्डर 'प्रायव्हेट' म्हणून दिलं आणि नेटवर्क पूर्ण बंद केलं. आता प्रोग्रामला तेच फोल्डर होम वाटतं, त्यामुळे प्रिफिक्सही त्यातच ठेवावा लागतो. तपासायला मुद्दाम झेड परत जोडला: रूट दिसलं, पण होममध्ये वाइनच्या फायलींपलीकडे काही नाही. अपडेट शोधायला गेला तर एरर. हवं होतं तेच! फायरजेल स्वतः रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने सुरू होतं, हे काहींना खटकतं. त्यांनी फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतलं बॉटल्स (वाइन सोपं करणारं ॲप) घ्यावं, त्याच्यामागे बबलरॅप हे कुंपण घालणारं साधन असतं. परवानग्या फ्लॅटसील या ॲपमध्ये दिसतात.

एक्स-११ या लिनक्सच्या जुन्या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेवर मात्र एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप केलेलं वाचता येतं, म्हणून तो चालू असताना मी पासवर्ड टाकत नाही. आणि कुठून आली ते माहीत नसलेली एक्सई (विंडोज प्रोग्रामची) फाइल वाइनमध्ये उघडतच नाही. तिला व्हर्च्युअल मशीन (संगणकातला वेगळा, खोटा संगणक), त्याचे शेअर्ड फोल्डर बंद, आणि आधी स्नॅपशॉट, म्हणजे परत फिरता येईल अशी जतन केलेली अवस्था.