अजून सुरू केलं नाही का?

काका त्या गुरुवारी पाचव्यांदा आले होते. म्हणजे त्याआधी चार वेळा ते माझ्या हाताखालून गेले आणि माझ्या काहीच लक्षात आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना मी फार हुशार वाटण्याची शक्यता आहे.

कराडात माझं छोटं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, वय ७१. निम्मी नोकरी कराड-चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटात गेली. गळ्यात माळ, चौदा वर्षांचा मधुमेह आणि हातात एमआरआयची ती मोठी पिशवी. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, गादी सरकलीया. दोन ठिकाणी." गादी म्हणजे मणक्यांमधली चकती. रिपोर्टात तसं लिहिलं होतं खरं. त्या दोन ओळी वाचल्यापासून अकरा महिने हा माणूस कमरेला पट्टा आवळून घरात बसला होता. आधी रोज पहाटे प्रीतिसंगमावर दोन फेऱ्या मारायचे, त्या बंद. पिशवी उचलणं बंद. वाकणं बंद. चप्पलसुद्धा काकू पुढे सरकवून द्यायच्या.

पहिले चार दिवस मी त्या भीतीशीच झगडत होते. ज्यांची पाठ दुखत नव्हती, अशा लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन अभ्यासून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात ऐंशीच्या वयाच्या लोकांपैकी ८४ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरांतही ३० टक्के. मी काकांना म्हटलं, टायर झिजला म्हणजे पंक्चर झाला असं असतं का? हे मात्र त्यांना पटलं. हसले. पट्टा सैल केला.

त्या गुरुवारी मी त्यांना पालथं झोपवलं होतं. आमच्याकडे सगळीकडे असतं तसं, चपला दाराबाहेर. पावलं टेबलाच्या कडेबाहेर आलेली. पाठीवर हात ठेवून बोलता बोलता सहज नजर गेली. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी जाड घट्टा होता आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका. माती असेल म्हणून बोटाने पुसला. गेला नाही. दाबला, तर कडेने ओल आली.

"काका, इथं दुखतंय?"

"कुठं?"

मी जोरात दाबत होते.

बाहेर जाऊन त्यांची चप्पल उचलली. तळव्यातून बाभळीचा काटा आरपार घुसला होता आणि आतल्या बाजूला त्याचं टोक हाताला लागत होतं. काका रविवारी रानात गेले होते. रविवार ते गुरुवार त्याच चपलेवर फिरले. माझा जिनाही चढून आले, आणि तोही कंबर धरून.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बरीच वर्षं मधुमेह असला की पायांच्या नसा बधिर होऊ शकतात, ते तपासायची एक साधी चाचणी असते. नायलॉनचा जाडसर दोरा, १० ग्रॅम जोर पडला की वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण पावलावर ठिकठिकाणी तो टेकवायचा, लागला की त्याने 'हां' म्हणायचं. मी अंगठ्याला टेकवला, करंगळीला, चवड्याला तीन जागी, कडेला, टाचेला. काका शांत. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "अजून सुरू केलं न्हाय का?"

माझ्या दहापैकी सात जागा झाल्या होत्या.

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कळलं. पदर तोंडाशी गेला. काकांनी डोळे उघडले, आधी तिच्याकडे आणि मग माझ्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने घाटात उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक तोलत पन्नास-पन्नास माणसं खाली उतरवली, त्याचा तोच चवडा आता काही बोलत नव्हता.

नंतर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. चालताना चप्पल निसटते, दहा पावलं गेल्यावर कळतं. फरशी कापसासारखी लागते. रात्री तळपायाची आग होते, म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे. (हे ऐकून मला घाम फुटला. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याला गरम पाणी!) आणि सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. तोल सावरायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि तळपाय. तळपायांनी खबर देणं थांबवलं की मोठा भार डोळ्यांवर पडतो. डोळ्यांवर साबण आला की संपलं.

यातलं एकही त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ते 'कंबर' म्हणाले, मी कंबरेकडे बघत बसले. त्यांची कंबर ओरडत होती, पण तिला फारसा धोका नव्हता. पाय गप्प होते आणि जीवावरचं सगळं तिथे चाललं होतं. काका नेमके उलटे वागत होते, कंबरेला जपायचे आणि पायावर बिनधास्त. मीही वेगळं काय केलं होतं?

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या सर्जनांनी काट्याचं मोडकं टोक काढलं, एक्स-रे घेतला. हाडापर्यंत गेलं नव्हतं. जखम भरायला सहा आठवडे लागले. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, तेही कमी निघालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की ते उतरू शकतं, त्यात काका माळकरी, मांस-मच्छी-अंडं वर्ज्य.

आता पेच असा होता की ज्या माणसाला मी चार दिवस 'हला, हला' म्हणत होते, त्याचा चवडा टेकवायची मनाई झाली. पुन्हा खाटेवर पाठवलं असतं तर त्या अकरा महिन्यांत आणखी भर पडली असती. म्हणून सहा आठवडे पडून आणि बसून जमेल ते केलं. टाचांवर जोर देऊन कंबर उचलणं, गुडघा छातीशी घेणं, खुर्चीत बसून पाय सरळ करणं, हातात पाण्याच्या बाटल्या. कंबर कुरकुरायची. माझा हिशेब साधा होता: दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं, तर चालतं.

जखम भरल्यावर मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल करून घेतली, घरातसुद्धा तीच. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं. काकू भाकरी थापायच्या आणि हे शेजारी उभे. चालणं एकदम अर्धा तास नाही, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. पायाला पाणी कोमट की गरम ते काकूंनी कोपराने बघायचं.

एक गोष्ट मात्र मला शिकवावी लागली नाही. रोज रात्री आरशात तळवे बघा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा, एवढंच मी सांगितलं होतं. काका म्हणाले, "म्हंजे गाडी काढायच्या आधी टायर ठोकायचं तसंच की." काकू सांगतात, रात्री जेवण झालं की टॉर्च, आरसा आणि चष्मा घेऊन बसतात, आणि तेवढा वेळ कुणी हाक मारलेली चालत नाही.

मीही दोन बदल केले. दारावरची 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी काढली. आणि मधुमेह असलेला माणूस मान दुखते म्हणून आला तरी पहिल्या दिवशी मोजे उतरवायला लावते.

आठ महिन्यांनी काका मोजणीसाठी आले. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून हात न टेकता उठणं आधी पाच वेळा व्हायचं, आता अकरा. प्रीतिसंगमावर एक फेरी पूर्ण, मध्ये एका बाकावर थांबून. कंबर दुखते का विचारलं, तर म्हणाले, "दुखती की. तिला काय काम न्हाय दुसरं."

मग त्यांनी स्वतःच पाय टेबलावर टाकले आणि डोळे मिटले. मी दोरा घेतला. दहा जागांपैकी तीनच कळल्या, पहिल्यासारख्याच.

"परत येणार न्हाय ना हे?"

"नाही, काका. असं गेलेलं सहसा परत येत नाही."

ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग उठून बसले, चप्पल उलटी करून जमिनीवर दोनदा आपटली, आत बोटं फिरवली आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.